पपेटिअरची ऑडिशन द्यावी का? मनात शंका असताना ठरवायचं कसं

'पपेटिअर हवेत', म्हणजे बाहुल्या चालवणारे कलाकार हवेत, अशी जाहिरात दिसली की बहुतेक जण मोबाइल हातात असतानाच निर्णय घेऊन टाकतात. काही जण "आपल्याला कुठे जमणार" म्हणून ती पुढे सरकवतात. काही जण उत्साहात लगेच नाव पाठवतात आणि ऑडिशनच्या आदल्या रात्री माघार घेतात. दोघांनीही तोवर बाहुली हातात घेतलेली नसते. बालनाट्याच्या तालमींत आणि कार्यशाळांत मला हा प्रश्न सतत विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी स्वतःचं काम पडद्यावर पाहिलेलं असतं. "मला जमेल का" या प्रश्नाचं उत्तर विचार करून मिळत नाही, चित्रीकरण बघून मिळतं. त्यासाठी आठ-दहा दिवस आणि एक मोजा पुरतो.

खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. आधी काम समजून घ्या, मग शंका लिहा, शरीर तपासा, सराव करा, चित्रीकरण करा, ते बघा आणि मग ठरवा. मी जास्त भर तोंड उघडणाऱ्या, हात वर धरून चालवायच्या बाहुल्यांवर दिला आहे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच दिसतात.

टप्पा १: नेमकं काम कोणतं आहे ते शोधा

पपेटिअर या एका शब्दात बरीच वेगवेगळी कामं येतात. टीव्ही किंवा वेबसाठी असेल तर बहुधा कॅमेऱ्याच्या चौकटीच्या खाली बसून, हात डोक्याच्या वर धरून बाहुली चालवायची असते. अमेरिकन कलाकार जिम हेन्सनच्या मपेट्स या बाहुल्यांमुळे ही पद्धत जगभर रूढ झाली, आणि 'गल्ली गल्ली सिम सिम' या मुलांच्या मालिकेतली चमकी याच घराण्यातली. नाटकात काठीची बाहुली असू शकते, किंवा दोघातिघांनी मिळून चालवायची मोठी बाहुली, जिथे चालवणारे काळ्या कपड्यांत प्रेक्षकांसमोरच असतात. शाळांसाठी, आरोग्याच्या किंवा स्वच्छतेच्या विषयांवर प्रयोग करणाऱ्या संस्थांना हातमोज्याच्या बाहुल्या चालवणारी, प्रवासाला तयार असलेली माणसं लागतात. कळसूत्री बाहुली वरून दोऱ्यांनी चालते आणि तिचा सराव पूर्णपणे वेगळा.

इथे पहिला मोठा गैरसमज दूर करतो. अनेकांना वाटतं की ओठ न हलवता बोलता आलं पाहिजे. ती शब्दभ्रमकला. रामदास पाध्ये अर्धवटरावांना शेजारी बसवून बोलतात तेव्हा ते स्वतः प्रेक्षकांसमोर असतात, म्हणून त्यांचे ओठ स्थिर लागतात. चौकटीखाली बसलेल्या पपेटिअरचे ओठ कुणाला दिसत नाहीत. तो हवे तसे ओठ हलवू शकतो, आणि त्याने ते हलवावेतच. त्याशिवाय आवाजात जीव येत नाही. ओठ हलतात म्हणून मागे राहिलेली चांगली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

दुसरा गैरसमज असा की ऑडिशन म्हणजे मुख्य पात्रच. जपानच्या बुनराकू या बाहुलीनाट्यात एका बाहुलीला तीन जण लागतात: मुख्य कलाकार डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात आणि तिसरा पाय. टीव्हीच्या बाहुल्यांमध्येही मुख्य पपेटिअर डोकं आणि एक हात चालवतो, आणि दुसरा हात अनेकदा शेजारी दाटीवाटीने बसलेला साहाय्यक चालवतो. नवख्यांना ही साहाय्यकाची जागा मिळण्याची शक्यता जास्त असते आणि शिकायला तिच्यासारखी जागा नाही. तुम्ही मुख्य पात्राच्या धास्तीने घरी बसाल आणि तिकडे त्यांना बाहुलीच्या दुसऱ्या हातासाठी माणूस हवा असेल.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या किंवा चित्रकथीची (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) ओढ असेल तर तिथे ऑडिशनचा प्रश्न येत नाही. ठाकर समाजातल्या कुटुंबांनी जपलेली ही परंपरा आहे. कुडाळला उतरून तिथे जायचं, बघायचं आणि शिकवाल का असं विचारायचं. ती वाट वेगळी, म्हणून तिच्याबद्दल इथे एवढंच.

जाहिरात देणाऱ्यांना एक छोटा संदेश पाठवा. संकोच नको, असे प्रश्न विचारणारा माणूस गंभीर वाटतो:

"नमस्कार. पपेटिअरच्या ऑडिशनबद्दल थोडी माहिती हवी होती. बाहुली कोणत्या प्रकारची आहे? आवाज चालवणाऱ्यानेच द्यायचा आहे की आधी ध्वनिमुद्रित असेल? ऑडिशनला बाहुली तुम्ही देणार का? निवडीनंतर प्रशिक्षण आहे का? कामाचे साधारण दिवस, तास आणि मानधन कळेल का?"

*इशारा:* ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी किंवा 'पोर्टफोलिओ'साठी पैसे मागितले तर तिथेच थांबा. काम देणारा माणूस काम मागणाऱ्याकडून पैसे घेत नाही. नुसत्या ऑडिशनसाठी आधार कार्डाची प्रत किंवा बँकेचा तपशीलही देऊ नका. वय अठराच्या आत असेल तर घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर न्या.

*तपासा:* बाहुलीचा प्रकार, आवाज कुणाचा आणि तारखा, या तीन गोष्टी कळल्या का? नसतील तर टप्पा २ करून ठेवा, पण ८ वर जाऊ नका.

टप्पा २: शंका कागदावर उतरवा आणि वेगळ्या करा

डोक्यात शंका एकच मोठी वाटते. कागदावर उतरवली की तिचे तुकडे दिसतात, आणि प्रत्येक तुकड्याचा इलाज वेगळा निघतो. मनात येईल ते सगळं लिहा, भाषा सुधारत बसू नका. मग प्रत्येक वाक्यापुढे खालीलपैकी एक अक्षर घाला.

*म* म्हणजे माहितीची शंका. "त्यांना अनुभवी माणूसच हवा असेल." "माझं वय जास्त होईल." याचं उत्तर तुमच्या मनात नाही, समोरच्याकडे आहे. विचारा.

*क* म्हणजे कौशल्याची शंका. "माझा आवाज सपाट आहे." "बाहुली हातात मेल्यासारखी दिसते." याचं उत्तर पाचव्या ते सातव्या टप्प्यात मिळेल. तोवर त्यावर मत बनवू नका.

*ख* म्हणजे खर्चाची शंका. रजा, प्रवास, घरचं काम, मानधनाचं गणित. हे खरे अडथळे आहेत. ते घरच्यांशी बोलून सोडवायचे. "मी त्या लायकीचा नाही" असं वाटत असताना खरी अडचण कधी कधी एवढीच निघते की शनिवारी मुलाला सांभाळायला कुणी नाही.

*ल* म्हणजे लाजेची शंका. "ऑफिसातल्यांना कळलं तर?" "या वयात बाहुल्या खेळते म्हणतील." ही शंका तपासून जात नाही, पुरावा दिला तरी राहते. ती बरोबर घेऊनच जायचं. म्हणून ती वेगळी ओळखू येणं महत्त्वाचं, कारण ती बहुतेक वेळा *क* चा वेष घेऊन येते.

*नेहमीची चूक:* कागद लिहून लगेच निकाल लावणं. शंका जास्त भरल्या म्हणून उत्तर 'नको' असं होत नाही. कागद बाजूला ठेवा.

टप्पा ३: खांदा, मनगट आणि गुडघे तपासा

हे काम शरीराचं आहे, आणि हा भाग सगळेच वगळतात. साधी चाचणी अशी: उजवा हात सरळ वर करा, दंड कानाजवळ आणि मनगट पुढे वाकवलेलं, म्हणजे काल्पनिक बाहुली समोर बघते आहे. अशा स्थितीत वर्तमानपत्रातला मजकूर दोन मिनिटं मोठ्याने वाचा. मग हात बदला. मग गुडघ्यांवर बसून तेच करा.

स्नायू भरून येणं, थरथरणं ठीक आहे. ते सरावाने कमी होतं आणि अनुभवी माणसांचेही हात दुखतात. आवाज मात्र ऐका. हात दमला की श्वास अडकतो आणि बोलणं घशातून यायला लागतं. नवख्यांचा आवाज 'वाईट' वाटतो त्याचं कारण अनेकदा गळ्यात नसून खांद्यात असतं.

*इशारा:* टोचल्यासारखी तीव्र कळ आली, बोटांना मुंग्या आल्या किंवा हात वर जाताना अडकला, तर सराव थांबवा आणि डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. जुना गोठलेला खांदा असेल तर तो आधीच दाखवून घ्या. ही न जाण्याची खरी, सन्मानाची कारणं आहेत. अशा वेळी कमरेच्या उंचीवर चालवायच्या टेबलावरच्या बाहुल्यांचं काम शोधता येतं.

उंचीची चिंता नको. बुटक्या माणसाला फळीवर उभं करतात, उंच माणूस गुडघे वाकवतो किंवा चाकांच्या पाटावर बसतो.

टप्पा ४: सरावाची बाहुली आणि न उलटणारा पडदा

महागडी बाहुली मागवू नका. जुना जाड मोजा घ्या, आत तोंडाच्या जागी दुमडलेल्या पुठ्ठ्याचा लंबगोल चिकटवा, वर टेबल टेनिसच्या चेंडूचे किंवा मोठ्या बटणांचे डोळे लावा. डोळे एकमेकांच्या जवळ आणि किंचित पुढे झुकलेले हवेत. दूरदूर लावले की बाहुली कुठे बघते ते कळत नाही. एवढंही नसेल तर उघड्या हातावर, मधल्या दोन बोटांच्या पेरांवर दोन मोठे मणी दोऱ्याने बांधा. सरावाला तेही पुरतं.

आता चित्राची बाजू. स्टुडिओत पपेटिअर बाहुलीकडे बघत नाही, खाली ठेवलेल्या मॉनिटरकडे बघतो. त्यात प्रेक्षकाला दिसतं तेच चित्र असतं. तुम्ही कॅमेऱ्याकडे तोंड करून हात आपल्या उजवीकडे नेलात की पडद्यावर बाहुली डावीकडे जाते. पहिल्यांदा डोकं अक्षरशः गरगरतं. आणि इथेच घरच्या सरावाचा घात होतो. बहुतेक फोनचा पुढचा कॅमेरा आपल्याला आरशासारखं उलटं चित्र दाखवतो. त्यावर महिनाभर पक्की केलेली सवय मॉनिटरसमोर नेमकी उलटी पडते.

उपाय सोपा आहे. घरातल्या दोन फोनमध्ये व्हिडिओ कॉल लावा. एक फोन कॅमेरा म्हणून समोर उभा करा, दुसऱ्याचा पडदा तुमच्या नजरेच्या पातळीवर ठेवा, आणि त्यावर समोरच्या फोनकडून येणारं चित्र मोठं करून बघा. ते उलटलेलं नसतं. कॉलवर चित्र क्षणभर उशिरा येतं, म्हणून त्यावर फक्त दिशा आणि नजर यांचा सराव करा, ओठांचा नाही.

*तपासा:* पडद्यावर बघत बाहुलीला चौकटीच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत न अडखळता नेता येतं का? एका बैठकीत जमणार नाही. रोज पंधरा मिनिटं दिली तर आठवडाभरात फरक दिसू लागतो.

टप्पा ५: ओठ, नजर, श्वास

*ओठ.* अंगठा म्हणजे खालचा जबडा. तोच खाली जायला हवा, वरची चार बोटं जवळजवळ स्थिर. नवशिका प्रत्येक अक्षराला वरची बोटं उचलतो, त्यामुळे बाहुलीचं डोकं मागे फेकलं जातं आणि ती पोपटासारखी टाळू दाखवत बोलते. दुसरी चूक म्हणजे शब्द चावणं: उच्चाराच्या क्षणी तोंड उघडायच्या ऐवजी मिटतं. हळू बोलून बघितलं की कळतं.

मराठी आकडे हा मला सापडलेला सगळ्यात चांगला सराव. एक ते वीस म्हणा आणि तोंड किती वेळा उघडतं ते बघा. 'एक', 'दोन', 'पाच' एकदाच. 'सहा', 'नऊ' दोनदा. 'अकरा' लिहिताना तीन अक्षरं, पण आपण बोलतो अक्‌-रा, म्हणून दोनदाच. 'पंधरा', 'सतरा', 'अठरा' तसेच. 'एकोणीस'ला तीनदा. लिखाणातली अक्षरं मोजून तोंड उघडणारी बाहुली वाचून दाखवते, उच्चार ऐकून उघडणारी बोलते. आकडे जमले की प, ब, भ, म यांच्याकडे वळा. या अक्षरांना ओठ मिटायलाच हवेत. "मामा, बाबा पपई कापतात" हे वाक्य सावकाश, मग नेहमीच्या वेगाने, मग रागाने म्हणा. भरभर बोलताना प्रत्येक अक्षराला तोंड उघडू नका, जोर पडतो तिथे उघडा. वाक्य संपलं की तोंड मिटलेलं हवं.

*नजर.* हात वर गेला की मनगट आपोआप मागे झुकतं आणि बाहुली छताकडे बघू लागते. मनगट वाटतं त्यापेक्षा जास्त पुढे वाकवावं लागतं. बाहुली काय बघते आहे हे आधी मनाशी ठरवा: चहाचा कप, दार, कॅमेरा. आधी नजर वळते, मग डोकं, मग बोलणं. हा क्रम साधला की साधा मोजासुद्धा विचार करतो आहे असं वाटतं.

*श्वास.* संवाद नसताना बाहुली मरते ही सगळ्यात मोठी चूक, आणि निवड करणारे सगळ्यात आधी तीच बघतात. हात पूर्ण थांबवू नका आणि सारखा हलवतही राहू नका. आपला श्वास मनगटात उतरू द्या. वीस सेकंद बाहुलीला नुसतं ऐकायला लावा. समोर रेडिओवरच्या बातम्या लावा आणि ती त्या ऐकते आहे असं करा. तमाशात पेंद्या गवळणीचं बोलणं ऐकत उभा असतो तेव्हाही त्याच्याकडे आपलं लक्ष जातं ना, तसं.

बाहुली हळूहळू चौकटीत बुडत जाते का, याकडेही लक्ष ठेवा. हात दमल्याची ती खूण.

या तिन्हींना एकूण सात-आठ दिवस द्या, रोज अर्धा तास, पाच-पाच मिनिटांनी हात खाली घेत. सलग तीन तासांचा सराव करून खांदा धरून बसण्यात काही मिळत नाही.

टप्पा ६: नव्वद सेकंदांचं चित्रीकरण

आता एक छोटा प्रवेश तयार करा. पात्र एक, त्याला हवी असलेली गोष्ट एक, आणि मधे एक अडथळा. उदाहरणार्थ, बाहुलीला डब्यातला शेवटचा लाडू हवा आहे, पण तो ताईसाठी ठेवला आहे. एवढंच. यात बघणं, लालूच, थांबणं, स्वतःशी वाद आणि पकडलं जाणं सगळं येतं.

मूळ नियम थोडे आहेत. कॅमेरा आडवा आणि स्थिर हवा. उजेड समोरून, खिडकी पाठीमागे नको. चौकटीच्या खालच्या कडेला कोपर दिसू नये. किमान दहा सेकंद बाहुली काहीही न बोलता दिसायला हवी. प्रसिद्ध पात्राची नक्कल नको. त्यांना तुमच्यातलं काय वापरता येईल ते बघायचं असतं, आणि नक्कल नेमकं तेच झाकते.

आवाजाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण शंका इथेच सर्वाधिक असते. बारीक, किनरा आवाज काढता आलाच पाहिजे असं काही नाही. तो काढणारे पुष्कळ असतात आणि दहा मिनिटांत त्यांचा घसा बसतो. तुमचा रोजचा आवाज थोडा वर, थोडा खाली, थोडा सावकाश करून बघा, आणि जो अर्धा तास त्रास न होता टिकेल तोच घ्या. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी यांतली एखादी बोली घरची असेल तर ती जरूर दाखवा. घरची नसेल तर विनोदासाठी उसनी घेऊ नका. बोलीच्या माणसाला ती पहिल्या वाक्यातच टोचते.

चित्रीकरण जास्तीत जास्त पाच वेळा करा आणि थांबा. विसाव्या वेळी प्रवेश गुळगुळीत होतो, पण त्यातलं ताजेपण गेलेलं असतं.

*इशारा:* त्याच दिवशी बघू नका. रात्र जाऊ द्या.

टप्पा ७: तीन वेळा बघा, मग दुसऱ्याला दाखवा

पहिल्यांदा आवाज बंद करून. बाहुलीला काय हवं आहे ते नुसतं बघून कळतं का? नजर कुठे जाते? ती बुडते का?

दुसऱ्यांदा पडदा झाकून, फक्त ऐका. पात्र ऐकू येतं का, की तुम्ही वाचताय असं वाटतं? श्वास कुठे तुटतो?

तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. आता फक्त ओठ आणि अक्षरं जुळतात का ते बघा.

प्रत्येक वेळी कागदावर दिसलं तेच लिहा. "वाईट" हा शब्द लिहायचा नाही. "चाळिसाव्या सेकंदाला नजर छताकडे" असं लिहायचं. पहिली नोंद वाचून काही करता येत नाही, दुसरी वाचून मनगट वाकवता येतं.

मग दोन प्रेक्षक शोधा. एक चार ते सात वर्षांचं मूल. त्याला चित्रीकरण दाखवू नका, समोर बसून मोजा चालवून दाखवा, स्वतःचा चेहरा न लपवता. मुलाची नजर कुठे आहे ते बघा. ती बाहुलीकडे टिकली, मूल तिच्याशी बोललं, तर तुमच्या हाताला हे काम येतं असं समजा. दर वाक्याला ती तुमच्या तोंडाकडे येत असेल तर तुम्ही बाहुलीकडे न बघता मुलाकडे बघताय. तुम्ही बाहुलीकडे बघितलंत की मूलही बघतं.

दुसरा प्रेक्षक असा मोठा माणूस, ज्याला तुमचं मन राखायची गरज वाटत नाही. त्याला "कसं झालं?" विचारू नका, उत्तर "छान" येईल. "त्याला काय हवं होतं? कुठे कंटाळा आला?" हे विचारा. आणि उत्तर मिळत असताना स्पष्टीकरण देऊ नका.

टप्पा ८: आता ठरवा

टप्पा २ चा कागद काढा. *म* ची उत्तरं आली असतील, *ख* बद्दल घरी बोलणं झालं असेल. *क* च्या प्रत्येक शंकेपुढे चित्रीकरणात काय दिसलं ते लिहा. अनेक शंका तुमच्या डोळ्यांसमोर गळून पडतील, आणि एखादी नवी सापडेल जी मनातही नव्हती.

जा, जर: मूल बाहुलीकडे बघत होतं, आवाज बंद असताना पात्राची इच्छा कळत होती, हात दुखला पण इजा नाही, आणि तारखा जमतात. ओठ अजून चुकत असतील तरी जा. ओठ तालमीत शिकवता येतात. बाहुली ऐकते आहे असं दाखवणं शिकवायला फार वेळ लागतो, म्हणून ते थोडंसं जरी दिसलं तरी निवड करणाऱ्यांना त्याची किंमत कळते.

या वेळी थांबा, जर: शरीरानं नाही म्हटलं, तारखा किंवा पैसे जमत नाहीत, किंवा जाहिरातीबद्दलच संशय आहे. किंवा आठ दिवसांत तुम्हाला बाहुली उचलावीशीच वाटली नाही. हे शेवटचं कारणही प्रामाणिक आहे. काहींना प्रयोग बघायला मनापासून आवडतं, पण चालवायला आवडत नाही.

पदवी नाही, वय जास्त, स्वभाव बुजरा, आधी कधी केलं नाही, ही कारणं या यादीत मी जाणूनबुजून घेतलेली नाहीत. बुजरी माणसं बाहुलीमागे विलक्षण मोकळी होतात. काम करताना मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की बुजरेपण हा दोष मानायची माझी तयारी नाही.

सगळं बिघडलं तर, ही भीती उरतेच. १९६९ साली सॉल्ट लेक सिटीतल्या पपेट महोत्सवात कॅरॉल स्पिनी या पपेटिअरचा प्रयोग रंगमंचावरच्या एका दिव्यामुळे कोलमडला होता. मागच्या पडद्यावरची चित्रफीत, जिच्याशी जुळवून त्याने सगळं बसवलं होतं, त्या उजेडात दिसेनाशी झाली. प्रेक्षकांत जिम हेन्सन बसला होता. प्रयोगानंतर त्याने स्पिनीला सांगितलं की तू जे करू पाहत होतास ते मला आवडलं, आणि त्याला काम दिलं. 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या मालिकेतला मोठा पिवळा पक्षी बिग बर्ड स्पिनीने २०१८ पर्यंत केला, शेवटची काही वर्षं फक्त आवाजाने. जाणकार माणूस फसलेल्या प्रयोगातही काय साधायचं होतं ते बघतो, म्हणून तुमच्या नव्वद सेकंदांत साधायचं काहीतरी असू द्या.

ठरलं की त्याच दिवशी नाव पाठवा. नावासोबत शहर, येणाऱ्या भाषा, कोणत्या हाताने चालवता आणि उपलब्ध तारखा लिहा. "मला फारसं येत नाही पण" अशी सुरुवात करू नका. नवखे असाल तर "अनुभव नाही, रोज सराव करतो/करते, चित्रीकरण जोडलं आहे" एवढं पुरे.

टप्पा ९: ऑडिशनचा दिवस

काळे किंवा गडद, पूर्ण बाह्यांचे, बसता-लोळता येतील असे कपडे घाला. बांगड्या, घड्याळ, अंगठ्या घरी ठेवा. बाहुलीच्या आतलं कापड त्यांना अडकतं. नखं कापलेली हवीत. गुडघ्यांना जाड पट्टा, पाणी आणि तुमचा मोजा बरोबर घ्या. आदल्या संध्याकाळी सराव पंधरा मिनिटांचाच, खांदा ताजा राहू द्या.

तिथे गेल्यावर बाहुलीला विचारल्याशिवाय हात लावू नका. मिळाली की लगेच बोलायला सुरुवात करण्याआधी तीस सेकंद मागून घ्या. तोंड किती उघडतं, डोळे कुठे बघतात आणि मनगट किती वाकवायचं, हे तीन अंदाज घ्या. अनोळखी बाहुलीशी ओळख करून घेणारा माणूस तिथे बसलेल्यांना लगेच ओळखू येतो. काही ठिकाणी बाहुलीच देत नाहीत. खाकी कागदाचा चुरगळून बनवलेला आकार देतात आणि चालवायला सांगतात, बहुधा तिघांना मिळून. तेव्हा चमकायच्या मागे लागू नका. डोकं ज्याच्या हातात आहे त्याच्या श्वासाबरोबर श्वास घ्या.

प्रवेश झाल्यावर "आता हेच घाबरून करा" किंवा "निम्म्या वेगात करा" असं सांगतील. खरी परीक्षा इथून सुरू होते. तुम्ही सूचना ऐकून बदलता का, एवढंच त्यांना बघायचं असतं. आधीचंच पुन्हा जास्त चांगलं करून दाखवणं ही इथली नेहमीची चूक. बदल स्पष्ट दिसू द्या, चुकला तरी चालेल.

*इशारा:* अडखळलात तर "सॉरी" म्हणून बाहुली खाली घेऊ नका. बाहुलीलाच अडखळू द्या, तिलाच स्वतःला सावरू द्या. आणि "थँक यू" किंवा "कट" ऐकू येईपर्यंत ती जिवंत ठेवा. शेवटचा शब्द संपताच हात खाली टाकणारे फार असतात. परत देताना तिला नीट, चेहरा वर करून ठेवा.

टप्पा १०: नंतर

त्याच रात्री तीन ओळी लिहून ठेवा: काय सांगितलं गेलं, काय बदललं, कोणत्या क्षणी हात दमला. निकालाची तारीख विचारली असेल तर तोवर फोन करू नका. ती उलटली की एक संदेश पाठवा, एकच. उत्तर नाही आलं तर नकार समजा आणि त्या ओळी घेऊन सरावाला बसा. नकार आला तर विचारा: "साहाय्यकाची किंवा दुसऱ्या हाताची गरज पडली तर मला कळवाल का? तालमीला नुसतं बघायला येऊ का?" यातलं दुसरं वाक्य फार कमी जण विचारतात, आणि त्याला होकार मिळतोही.

होकार आला तर आनंदाच्या भरात फोनवरच सगळं मान्य करू नका. दिवस, तास, मानधन कधी मिळणार, प्रवासखर्च कुणाचा, हात वर धरायच्या सलग चित्रीकरणात विश्रांती किती, आणि बाहुली फाटली तर जबाबदारी कुणाची, हे लेखी मागून घ्या. पहिल्या तालमीच्या आधी बाहुलीचं आतलं माप तुमच्या हाताला बसतं का ते विचारा. सैल असेल तर आत फोमचा थर लावून देतात, आणि ते काम चित्रीकरणाच्या दिवशी होत नाही.